जुन्या कॅसेट, स्पूल आणि फिल्म आमच्याकडे देण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरातल्या कपाटात, मंडळाच्या ट्रंकेत नाहीतर संस्थेच्या माळ्यावर जुन्या ध्वनिफिती आणि फिल्म पडून आहेत आणि त्या संगणकावर आणून घ्यायच्या आहेत, म्हणून लोक आमच्याकडे येतात. आम्ही नेमकं काय करतो, काय करत नाही आणि तुमच्याकडून काय लागतं, ते इथे एकत्र लिहिलं आहे. सामान घेऊन येण्याआधी एकदा वाचून घ्यावं ही विनंती.

आमचं काम दोन भागांत चालतं. पहिला भाग डिजिटायझेशनचा: फीत किंवा फिल्म योग्य यंत्रावर चालवून तिची फाइल तयार करणं. दुसरा सूचीचा: त्या फाइलमध्ये काय आहे, कोणाचं आहे, कधीचं आणि कुठलं आहे, ते शोधून नोंदवणं. बहुतेक जण पहिल्या कामासाठी येतात आणि दुसरं 'मग बघू' म्हणून सोडून देतात. आमचा आग्रह उलटा आहे. नीट ठेवलेली फीत अजून काही वर्षं तग धरेल. पण तिच्यावरचा आवाज ऐकून 'हे आमचे दादा, आणि मागे पेटीवर शेजारचे मास्तर' असं सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. ओळख न लागलेल्या दोनशे फाइल हार्ड डिस्कवर ठेवल्या, तर पुढची पिढी त्या उघडणार नाही.

घाई कशाची

फितीचं आयुष्य हा एक भाग झाला. त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. कॅसेट डेक, स्पूल मशीन (उघड्या रिळावरची फीत वाजवणारं यंत्र), व्हीसीआर बनणं जवळपास बंद झालं आहे. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) झिजतात, रबरी रोलर चिकट होतात, पट्टे ताणतात आणि हे सगळं दुरुस्त करणारे कारागीरही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. युनेस्को आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभरच्या संस्थांना इशारा दिला होता की, २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती नियमितपणे वाजवणं अनेक ठिकाणी शक्य राहणार नाही. तो काळ आता आला आहे. आमची यंत्रं आम्ही सुट्या भागांसाठी जुनी यंत्रं विकत घेऊन चालू ठेवतो. हे कायम जमेल असं कोणीच सांगू शकत नाही.

आणण्याआधी वाजवून पाहू नका

ही आमची सगळ्यात कळकळीची विनंती. पंधरा-वीस वर्षं बंद असलेली कॅसेट 'चालते का बघू' म्हणून घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याचा मोह होतो, आणि नुकसान बहुधा तिथेच होतं.

कॅसेटच्या उघड्या बाजूकडून आत पाहा. फितीच्या मागे तांब्याची बारीक पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला फेल्टचा चिमुकला तुकडा दिसेल. हाच तुकडा फीत हेडवर दाबून धरतो. वर्षांनुवर्षांनी त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज दबका, येत-जात ऐकू येतो आणि फीत खराब झाली असा समज होतो. प्रत्यक्षात फीत उत्तम असते. आम्ही कवच उघडून ती नव्या कवचात घालतो. चार कोपऱ्यांत स्क्रू असतील तर हे सोपं असतं. जुनी जोडबंद कवचं कापावी लागतात, तेवढा वेळ जास्त जातो.

आता कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढरट ठिपके किंवा कापसासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईच्या घरांतून आलेल्या व्हीएचएस कॅसेटवर आम्हाला ती फार दिसते. असली कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडवर जाते, आणि त्यानंतर त्याच यंत्रात घातलेल्या चांगल्या कॅसेटनाही लागते. अशा कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवून आणा आणि देतानाच सांगा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही स्पूलची तऱ्हा आणखी वेगळी. फितीवरचं चुंबकीय चूर्ण धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषून चिकट होतो. फीत चालताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर तपकिरी चिखल साठतो. हा चिखल म्हणजे तुमचं ध्वनिमुद्रणच खरवडून निघत असतं. अशी स्पूल आम्ही नियंत्रित भट्टीत साधारण ५० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतो. त्यानंतर ती काही आठवडे वाजवण्याजोगी राहते, तेवढ्यात काम उरकायचं असतं. हा प्रयोग घरच्या ओव्हनमध्ये करू नका.

डांबरगोळ्या तर लगेच काढून टाका. त्यांची वाफ फितीवर आणि फिल्मवर बसते. कॅसेट उभ्या ठेवा, कोरड्या आणि थंड खोलीत, माळ्यावर पत्र्याखाली नको.

आवाज उतरवताना आम्ही काय करतो

साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. फीत भरभर पळवून नक्कल करण्याची पद्धत आम्ही वापरत नाही. प्रत्येक फितीसाठी हेडचा कोन वेगळा जुळवावा लागतो, कारण ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली गेली त्याचा कोन वेगळा होता. हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवला की दबलेल्या आवाजातून 'स', 'श' आणि झांजांची किणकिण एकदम मोकळी होते. कान तिथे लावून बसावं लागतं, आणि नंतर कितीही सॉफ्टवेअर वापरलं तरी हा फरक भरून येत नाही.

वेगाचा प्रश्न घरगुती मैफलींच्या फितीत हमखास येतो. त्या काळी बॅटरीवरचे टेपरेकॉर्डर असत. मैफल रंगत जाई आणि बॅटरी उतरत जाई, म्हणजे फीत हळू फिरे. ती आज योग्य वेगाने वाजवली की गाणं शेवटाकडे चढत जातं: काळी एकमध्ये सुरू झालेली गायिका शेवटच्या भैरवीला अर्धा सूर वर, पांढरी दोनवर पोहोचलेली ऐकू येते. पेटी साथीला असेल तर तिचा सूर धरून वेग दुरुस्त करता येतो, कारण पेटीचा सूर मैफलभर तोच राहतो. विजेवर चाललेल्या यंत्राने भरलेल्या फितीत ५० हर्ट्‌झची घरघर असते, तिचाही आधार मिळतो. मात्र आपल्याकडे त्या काळी विजेची वारंवारिताच स्थिर नसे, त्यामुळे तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. गायकाची पट्टी माहीत असलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर जरूर कळवा.

मूळ प्रत आम्ही ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये देतो. तासाभराच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला जवळजवळ दोन जीबी जागा लागते. हिच्यात कसलीही सफाई केलेली नसते. वेगदुरुस्ती आणि खरखर कमी करणं हे ऐकण्यासाठीच्या वेगळ्या प्रतीत करतो, आणि काय केलं ते लिहून ठेवतो.

सफाईबद्दल आमचं मत ठाम आहे. 'सगळी खरखर घालवा' अशी मागणी येते आणि आजची सॉफ्टवेअर ती घालवतातही. पण एकसारखा चालू असलेला कुठलाही नाद त्यांना गोंगाटच वाटतो, आणि त्यात तानपुरा पहिला जातो. जवारीचा, म्हणजे तारांच्या गुंजनाचा, झणत्कार पुसला जातो आणि गाणारा पोकळीत गातो आहे असं वाटू लागतं. श्रोत्यांची दाद, मध्येच कोणीतरी केलेली फर्माईश, रस्त्यावरून गेलेली बस हा सगळा त्या संध्याकाळचा भाग आहे. म्हणून आम्ही हात राखूनच सफाई करतो.

फिल्म आणि व्हिडिओ

घरगुती फिल्म बहुतेक ८ मिमी किंवा १९६५ साली आलेल्या सुपर ८ या मापाच्या असतात; संस्थांकडे १६ मिमी सापडते. सुपर ८ चं ५० फुटी रीळ सेकंदाला १८ चौकटी या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद चालतं. ऐकायला थोडकं वाटतं, पण त्यात ३,६०० चौकटी असतात आणि आम्ही प्रत्येक चौकट स्वतंत्र छायाचित्रासारखी टिपतो. कोडाक्रोम फिल्म अंधारात राहिली असेल तर तिचे रंग आजही टवटवीत असतात. काही दुसऱ्या फिल्मवरचा निळसर-हिरवा रंग उडून सगळं लग्न गुलाबी झालेलं असतं. ते बऱ्याच प्रमाणात सावरता येतं.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजू लागला आहे असं समजा. हे थांबवता येत नाही, फक्त मंदावता येतं, आणि हा वास शेजारच्या डब्यांतल्या फिल्मचाही ऱ्हास वाढवतो. ते रीळ वेगळं काढा आणि हवाबंद पिशवीत कोंडू नका. फिल्म आक्रसलेली असली तरी आमचा स्कॅनर दात्यांऐवजी रोलरवर चालत असल्याने ती फाटत नाही. अशी रिळं आम्ही रांग मोडून आधी घेतो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची ३५ मिमी फिल्म मात्र आमच्याकडे आणू नका, टपालाने किंवा कुरिअरनेही पाठवू नका. ती नायट्रेटची असू शकते. नायट्रेट सहज पेटतं आणि पेटल्यावर पाण्यानेही विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपल्या सुरुवातीच्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला. असा डबा सापडला तर तो न हलवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. ८ आणि १६ मिमी फिल्मबाबत ही भीती नाही.

सूची

इथे तुमची मदत सगळ्यात जास्त लागते.

प्रत्येक वस्तूला आम्ही क्रमांक देतो. फाइलच्या नावात तो क्रमांक आणि बाजू, एवढंच असतं. गायकाचं नाव, राग, तारीख हे सगळं सूचीत जातं. कारण ओळख बदलू शकते: आज ज्यांचा आवाज समजतो तो उद्या दुसऱ्यांचा निघतो. क्रमांक मात्र बदलत नाही. कॅसेटवरचं लेबल, आतलं कार्ड, डब्यावर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर यांचे फोटो जसेच्या तसे काढतो. लेबलवर आंधळा विश्वास ठेवत नाही, कारण वरून दुसरं काही भरलेल्या कॅसेट पुष्कळ असतात.

मग पूर्ण ऐकून मिनिटवार नोंद होते. एका कीर्तनाच्या स्पूलची नोंद साधारण अशी दिसते:

स्पूल ७, बाजू अ
००:०० मंडपातला गलबला, माइकची चाचणी
०२:१० नमन
०९:४० पूर्वरंग, निरूपणाचा अभंग तुकोबांचा
३८:०५ मध्यंतराचा गजर, बुक्का लावताना झालेली बोलणी
४३:३० उत्तररंग सुरू. आख्यान अपुरं, फीत संपते
कीर्तनकार: [ओळख आवाजावरून, पुष्टी बाकी]
साथ: पेटी, तबला, नावं माहीत नाहीत

चौकोनी कंसातला मजकूर वस्तूवर लिहिलेला नाही, आम्ही किंवा तुम्ही ठरवलेला आहे. कोणी ओळखलं आणि कधी, हेही पुढे लिहितो. राग ओळखतानाही हाच नियम. जाणकाराचं नाव जोडल्याशिवाय राग पक्का म्हणून नोंदवत नाही.

नावांचा गुंता आपल्याकडे खास आहे. 'नाना' प्रत्येक पिढीत असतात. एकच गायिका १९६२ च्या स्पूलवर माहेरच्या नावाने आणि १९७० च्या स्पूलवर सासरच्या नावाने असते. बाबुराव आणि बाबूराव हे दोन गृहस्थ ठरतात. म्हणून आम्ही व्यक्तींची वेगळी यादी करतो आणि सगळी नावं, टोपणनावं, लेखनभेद एकाच नोंदीला जोडतो. या यादीसाठी वंशावळ किंवा मंडळाच्या जुन्या अहवालातली कार्यकारिणीची पानं मिळाली तर काम झपाट्याने पुढे जातं.

तारखांचंही तसंच. कीर्तन-प्रवचनांच्या डब्यांवर बहुधा तिथी आणि शक असतो. 'गणेशोत्सव, शके १८९५' म्हणजे १९७३, पण 'माघी गणेशोत्सव, शके १८९५' म्हणजे १९७४. पौष दोन्ही वर्षांत येऊ शकतो, तेव्हा पंचांग काढावं लागतं. आम्ही मूळ लिहिलेलं तसंच ठेवून शेजारी इंग्रजी तारीख देतो.

घरातल्या ज्येष्ठांबरोबर ऐकायला बसण्याचं वेगळं सत्र ठेवतो. वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे, चांगले स्पीकर आणि दुपारची निवांत वेळ. हेडफोन देत नाही, त्याने वयस्कर माणसं दमतात. मुक्या फिल्मसाठी निवडक चौकटी मोठ्या कागदावर छापून देतो, म्हणजे चेहऱ्याशेजारी पेनाने नाव लिहिता येतं. ज्येष्ठ काय बोलतात तेही संमतीने ध्वनिमुद्रित करतो आणि त्यालाही सूचीत क्रमांक मिळतो. पहिल्या सत्रात अनेकदा काहीच आठवत नाही आणि दोन दिवसांनी फोन येतो की, 'अहो, ती मागे टाळ्या देणारी आमची वहिनी.' म्हणून एका बैठकीत काम संपवण्याची घाई करू नका. प्रकृती बरी नसलेल्या ज्येष्ठांचं सत्र मात्र आधी घेऊ. गरज पडल्यास घरी येऊ.

हक्क

फीत तुमच्या मालकीची आहे म्हणून तिच्यावरचं गाणं इंटरनेटवर टाकायची मुभा मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर आणि चित्रपटावर ६० वर्षं हक्क असतो, आणि कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. खासगी मैफल सार्वजनिक करण्याआधी कलावंताची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. पत्राचा मसुदा आमच्याकडे मिळेल. विकतच्या कॅसेट आणि तबकड्यांच्या नकला आम्ही करून देत नाही.

आकार आणि हातात काय मिळतं

आकारणी नगावर नसून प्रत्यक्ष मुद्रणाच्या तासांवर आहे, फिल्मसाठी फुटांवर. बुरशी काढणं, कवच बदलणं, भट्टी यांचा खर्च तपासणीनंतर लेखी कळवतो आणि तुमचा होकार आल्यावरच काम सुरू होतं. सूचीची आकारणी वेगळी आहे. सगळ्या संग्रहाची सूची परवडत नसेल तर निदान क्रमांक, लेबलचे फोटो आणि ज्येष्ठांचं एक सत्र एवढं तरी करून घ्या.

काम झाल्यावर दोन हार्ड डिस्क देतो: मूळ प्रती, ऐकण्याच्या एमपीथ्री प्रती आणि सूचीची एक्सेल फाइल. सूची छापूनही देतो. एक डिस्क दुसऱ्या गावी, नात्यातल्या कोणाकडे ठेवा आणि तिसरी प्रत क्लाउडवर चढवा. वर्षातून एकदा डिस्क जोडून पाहा; फाइल शाबूत आहेत का ते तपासायचा छोटा प्रोग्राम डिस्कवरच आहे. सीडीवर आम्ही देत नाही, घरी लिहिलेल्या सीडींचा भरवसा नाही.

मूळ फिती आणि फिल्म परत मिळतात. त्या टाकू नका. पुढे अधिक चांगलं यंत्र आलं तर पुन्हा त्याच लागतील.

पहिल्या भेटीला सगळा साठा आणायची गरज नाही. तीन-चार वेगवेगळ्या प्रकारचे नमुने, बाकीच्यांची ढोबळ मोजदाद, ट्रंकेचा उघडून काढलेला फोटो आणि आवाज ओळखू शकतील अशा माणसांची नावं एका कागदावर लिहून आणा. ज्यांचं वय सगळ्यात जास्त, त्यांचं नाव वर लिहा.