सॉरी

सॉरी हे इंग्रजीतले विशेषण. मराठीत ते क्षमायाचनेचा शब्द म्हणून रुळले, पण त्याचा मूळ अर्थ माफी नव्हे, दुःख आहे. हे ध्यानात घेतले नाही तर त्याचे निम्मे उपयोग गोंधळात टाकतात.

जुन्या इंग्रजीत ‘सारिग’ म्हणजे व्यथित. तो शब्द ‘सार’वरून आला; सार म्हणजे वेदना, जखम. घसा दुखतो तेव्हा म्हणतात त्या ‘सोअर थ्रोट’मधला ‘सोअर’ याच घराण्यातला. शोक या अर्थाचा ‘सॉरो’ मात्र वेगळ्या धातूतून आला आहे. अर्थाच्या जवळिकीमुळे सॉरीच्या उच्चारावर त्याची छाप पडली, इतकेच.

एखाद्याचे वडील गेल्याचे कळल्यावर इंग्रजी बोलणारा ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणतो. इथे ‘मला माफ करा’ असे भाषांतर केले तर अनर्थ होईल. ‘ऐकून फार वाईट वाटलं’ हेच खरे मराठी. ‘फील सॉरी फॉर’ म्हणजे कीव येणे. शब्द नामाआधी आला की अर्थ पालटतो: ‘अ सॉरी स्टेट’ म्हणजे दैना. आणि सूर वर चढवून नुसते ‘सॉरी?’ विचारले तर ‘काय म्हणालात?’ एवढाच त्याचा अर्थ.

दिलगिरी आणि चुकीची कबुली यांतली रेघ अशी पुसट असल्याने कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताला 2009 मध्ये ‘अपॉलॉजी ॲक्ट’ करावा लागला. त्यानुसार दिवाणी दाव्यात सॉरी म्हणणे ही दोषाची कबुली ठरत नाही.

या शब्दाचे वजन सर्वांत जास्त जाणवले ते ऑस्ट्रेलियात. आदिवासी मुलांना सरकारी धोरणाने आईवडिलांपासून तोडले गेले होते. त्याविषयीचा अहवाल 26 मे 1997 रोजी संसदेत मांडला गेला आणि वर्षभराने त्याच तारखेला पहिला ‘सॉरी डे’ पाळला गेला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या 1999 च्या ठरावात मात्र ‘रिग्रेट’ म्हणजे खेद होता, सॉरी नव्हते. ते यायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडला. तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी मांडलेल्या ठरावात कायदे आणि धोरणांसाठी ‘अपॉलॉजाइज’ म्हणजे माफी मागणे हे क्रियापद आहे. त्या मुलांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी सोसलेल्या वेदनेपाशी मात्र ठराव म्हणतो, ‘वुई से सॉरी’.