कथाप्रधान गेममधील ‘भूमिके’चा घोळ : पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम पूर्ण स्वरूपात आला, तेव्हा खरा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू कथेतले एखादे पात्र होऊन खेळतो तो गेम, कशाला म्हणायचे हा जुनाच वाद पुन्हा उकरला गेला. या वादाचे मूळ तंत्रात जितके आहे त्याहून अधिक ‘रोल’ या शब्दात आहे, आणि तो शब्द मराठीत आणला की घोळ चटकन लक्षात येतो. आपल्याकडे नट भूमिका करतो आणि पुढारी भूमिका घेतो. नटाने इतरांचे लिहिलेले वठवायचे असते. पुढाऱ्याने आपले म्हणणे मांडून त्याचे परिणाम सोसायचे असतात. (पुढारी ते सोसतातच असे नाही, हा भाग वेगळा.)

१९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळामध्ये या शब्दाला तिसराच व्यावहारिक अर्थ होता : लढवय्या, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक म्हणून टोळीत वाट्याला आलेले काम. संगणकाने आधी हाच अर्थ उचलला, कारण त्याला आकडेमोड सोपी होती आणि समोरच्याचा कल पाहून कथा वळवणे अवघड. केंटकीतल्या एका खऱ्या गुहेवर बेतलेल्या, १९७६ च्या ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’पासून निघालेली साहसी गेमची शाखा कोड्यांपाशी अडून बसत असे, तर १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नंतरच्या जपानी परंपरेत नायकाची वाट बहुतांशी आधीच आखलेली असे. संवादालाच गेमचा कणा करण्याचे श्रेय माझ्या मते १९९९ च्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ला जाते. त्यात एकच वाक्य कधी कधी पर्यायांच्या यादीत दोनदा येते, एकदा खरे म्हणून आणि एकदा थाप म्हणून. ऐकणाऱ्या पात्राच्या कानी शब्द तेच पडतात, पण आपण काय ठरवून बोललो याची नोंद गेम ठेवतो.

खरी कसोटी लागली ती ‘मास इफेक्ट’ या अंतराळकथेच्या तीन भागांत. २००७ मधल्या पहिल्या भागाची सेव्ह फाइल, म्हणजे आपल्या निर्णयांची साठवलेली नोंद, २०१० च्या दुसऱ्या आणि २०१२ च्या तिसऱ्या भागात नेता येत होती. पहिल्या भागात रेक्स हा सहकारी ऐन मोहिमेत बंदूक रोखून उभा राहतो. तिथे त्याची समजूत निघाली नाही तर तो जिवानिशी जातो, आणि तिसऱ्या भागात त्याच्या जमातीचे नेतृत्व त्याच्या आडमुठ्या भावाकडे गेलेले दिसते. मात्र नायकाचे संवाद इथे ध्वनिमुद्रित होते. पडद्यावरच्या चक्रातून दोन-तीन शब्दांचा पर्याय निवडायचा आणि प्रत्यक्षात काय बोलले जाते ते ऐकायचे, म्हणजे भूमिका घ्यायची खेळाडूने आणि करायची नटाने, अशी ही वाटणी होती.

मार्च २०१२ मध्ये ती वाटणी मोडली. जखमी नायक अखेरच्या यंत्रापाशी पोहोचतो आणि त्याच्यासमोर शत्रूचा नाश, त्याच्यावर ताबा किंवा यंत्र-सजीवांचे मीलन हे तीन मार्ग उरतात. कोणताही घेतला तरी जवळपास सारखीच दृश्ये लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगात दिसतात. शेवट अ, ब, क अशा साच्यातला नसेल, अशा आशयाचे आश्वासन निर्मात्यांकडून आधी दिले गेले होते. चिडलेल्या खेळाडूंनी त्याच तीन रंगांचे, पण एकाच चवीचे कपकेक निर्मात्यांना पाठवले. जूनमध्ये विस्तारित शेवट मोफत देण्यात आला आणि त्यावरून दुसरे रण पेटले : गिऱ्हाइकांच्या दबावाखाली कलाकृती बदलावी काय? हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला, असे मला आजही वाटते. पाच वर्षे ज्याला भूमिका घ्यायला लावली, त्याला शेवटच्या दहा मिनिटांत लिहून दिलेली भूमिका करायला सांगितले, हे खरे दुखणे होते. विस्तारित आवृत्तीत भर पडलेला चौथा पर्याय, तिन्ही मार्ग नाकारण्याचा, सर्वनाशाकडे नेतो. तरीही मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात नकाराची किंमत पूर्ण वसूल केली जाते. तिन्ही भागांच्या २०२१ च्या सुधारित संचात विस्तारित शेवटच आहे, त्यामुळे आज नव्याने खेळणाऱ्याला वाद कशाचा होता हेच कळत नाही.

नंतरच्या गेमनी आपापली वाट काढली. २०१२ मध्येच आलेल्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये दोघांपैकी कोणाला वाचवायचे ते आपण ठरवतो, पण वाचवलेली व्यक्ती तिसऱ्या प्रकरणात मरतेच, ‘हे अमुकाच्या लक्षात राहील’ अशी सूचना मात्र पडद्यावर झळकत राहते. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ने लढाईची वेगळी यंत्रणाच काढून टाकली आणि नायकाच्या चोवीस कौशल्यांना त्याच्याच डोक्यात भांडायला लावले. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ने २०२० मध्ये एकसंध, ठरलेली कथा सांगणे पसंत केले, आणि पर्याय देण्याचा आव आणला नाही, हे मला आवडले.

‘बाल्डर्स गेट ३’चा शेवटही अनेकांना आटोपता वाटला होता. नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटमध्ये, सहा महिन्यांनंतर सगळे सोबती पुन्हा भेटतात असा उपसंहार त्यात जोडण्यात आला. २०१२ मध्ये अशाच दुरुस्तीला अनेकांनी माघार म्हणून हिणवले होते. या वेळी तिचे स्वागत झाले.