पार्श्वभूमी : रत्नागिरी, मंडाले आणि हरवलेली ३१ मिनिटं

ब्रह्मदेशातल्या मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीला आला आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले, एवढं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. या दोन गावांच्या घड्याळांचं मात्र कुणी नाव काढत नाही. रेखांशाच्या हिशेबाने मंडालेत सूर्य रत्नागिरीपेक्षा ९१ मिनिटं आधी माथ्यावर येतो. आज घड्याळातला फरक आहे बरोबर एक तास. मधली ३१ मिनिटं प्रमाणवेळेने खाल्ली, आणि त्यात झीज सोसली ती कोकणाने. मंडालेचं घड्याळ सूर्याच्या जेमतेम ६ मिनिटं पुढे आहे, रत्नागिरीचं ३७.

राजाला १८८६ साली इथे आणलं तेव्हा मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी आणि रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ ला सरकारने ८२.५ अंश पूर्व रेखांशाची एकच वेळ लावली आणि मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली. तारा आणि आगगाड्यांना ते हवंच होतं. पण गिरणीचा भोंगा नव्या वेळेने वाजायचा तर ऐन जानेवारीत काळोखातच चाळ सोडायची, आणि चाळीतला तो माणूस बरेचदा रत्नागिरी जिल्ह्यातलाच. मजुरी तीच, झोप मात्र कमी. कामगारांना विचारलं कुणी? त्याच आठवड्यात एका गिरणीतले हजारो कामगार बाहेर पडले, दगडफेक झाली. बंगालच्या फाळणीवरून वातावरण आधीच तापलेलं. त्यात घड्याळही सरकारी झालं. शहराच्या पालिकेने जुनी वेळ धरून ठेवली ती थेट १९५५ पर्यंत, म्हणजे स्वराज्य आल्यावरही आठ वर्षं. सरकारी कचेरीत साडेदहा वाजले की पालिकेच्या घड्याळात नऊ एक्कावन्न. याला हट्ट म्हणतात. म्हणोत बापडे, सूर्य पालिकेच्याच बाजूने होता.

दुसऱ्या महायुद्धात तर कहरच झाला. सप्टेंबर १९४२ पासून भारतातली घड्याळं आणखी तासभर पुढे नेली, म्हणजे रत्नागिरीत दुपारचा दीड वाजून गेला तरी सूर्य माथ्यावर यायचा होता. मंडाले तेव्हा जपान्यांच्या ताब्यात, तोक्योच्या वेळेवर. दोन गावांतला फरक अडीच तासांवर गेला. १९४५ साली दोन्हीकडची घड्याळं जुन्या जागी आली.

रत्नागिरीची बाजारपेठ एकच्या सुमारास मिटते ती चारपर्यंत, आणि बाहेरचा माणूस कोकण्याला आळशी म्हणतो. पण इथे एक वाजतो तेव्हा सूर्याचे सव्वाबारा-साडेबाराच झालेले असतात. ऊन खरं तापतं ते त्यानंतर.

आता रत्नागिरीकर घड्याळ बघतो ते आखातासाठी. दुबई सूर्याने ७२ मिनिटं मागे, घड्याळाने ९०. तिकडच्या पोराला रात्री नऊला कामावरून आल्यावर फोन करायचा, तर इकडे आईला साडेदहापर्यंत जागावं लागतं.