रेंज गेली तरी जीपीएस चालतं

गोव्यात मालीमच्या जेटीवर काय, मोलेच्या रानात काय, एकच समज ऐकू येतो: रेंज गेली की जीपीएस बंद, आणि फोनला ब्लूटूथने जोडायच्या वेगळ्या जीपीएस रिसीव्हरलाही नेट लागतंच. दोन्ही चूक. रिसीव्हर फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान ४ उपग्रहांचे संकेत मिळाले की जागा कळते. नेट असलं तर पहिल्यांदा जागा लवकर सापडते, इतकंच. नकाशाला मात्र नेट लागतं; तो पणजीतच उतरवून ठेवा.

बाहेरच्या रिसीव्हरचा खरा उपयोग सिमची सोय नसलेल्या वाय-फाय आयपॅडला, कारण त्यात जीपीएसच नसतं. अँड्रॉइडवर असा रिसीव्हर जोडला तर सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन मॉक लोकेशन अ‍ॅप, म्हणजे रिसीव्हरने शोधलेली जागा फोनला पुरवणारं अ‍ॅप, निवडावं लागतं. ते राहून जातं आणि धडधाकट रिसीव्हर बिचारा ‘खराब’ ठरतो.