अभिवचन (ख्रिस्ती शोकप्रसंगातील)

अभिवचन म्हणजे देवाने माणसाला दिलेला शब्द. मराठी ख्रिस्ती बोलीत पवित्र शास्त्रातल्या कोणत्याही ओळीला ‘वचन’ म्हणतात. पुढच्या काळाविषयी देवाने दिलेली हमी ती ‘अभिवचन’. नवसाशेजारी ठेवले की या शब्दाचा अर्थ चटकन उलगडतो. नवस माणूस बोलतो आणि माणूसच फेडतो. अभिवचनात बोलणारा देव आणि फेडणाराही तोच. माणसाच्या वाट्याला वाट पाहणे येते. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतल्या यात्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. तिथे मेणबत्ती लावणाऱ्यांच्या मनात या दोन्ही कल्पना सुखाने एकत्र नांदत असतात.

घरात मृत्यू झाला की या शब्दाची खरी कसोटी लागते. पाळक किंवा फादर येतात, ‘जय ख्रिस्त’ म्हणून शेजारीपाजारी सतरंजीवर बसतात आणि शास्त्र उघडले जाते. वाचायचे उतारे बहुतेकांना पाठ असतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावे स्तोत्र असते. योहानाच्या अकराव्या अध्यायातील ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ असते. पित्याच्या घरी पुष्कळ जागा आहेत, हे चौदाव्या अध्यायातले येशूचे बोलणे असते. पुढे चर्चमधली उपासना, दफनभूमी, मूठमूठ माती. काही दिवसांनी सांत्वनाची प्रार्थनासभा होते. कॅथलिक कुटुंबे मृतासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करवून घेतात आणि २ नोव्हेंबरला कबरी धुऊन फुले, मेणबत्त्या ठेवतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या सहसा मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, मागे राहिलेल्यांसाठी करतात.

या उताऱ्यांत मरण टळेल असे आश्वासन कुठेच नाही, हे अनेकदा नजरेतून सुटते. तेविसाव्या स्तोत्रात मृत्युछायेची दरी चुकत नाही. दरीतून जाताना सोबत मिळते, इतकेच. मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवण्याआधी त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला (चर्चच्या लोकांना) शोक करू नका असे सांगितले नाही; आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे सांगितले. तरीही ‘रडू नका, देवाची इच्छा’ असे म्हणून नुकत्याच विधवा झालेल्या बाईला गप्प करणारे नातेवाईक प्रत्येक मंडळीत भेटतात. जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे ‘परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले’ हे वाक्य त्यासाठी हमखास वापरतात. ते वाक्य ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातले आहे आणि त्यानंतर ईयोब कितीतरी अध्याय देवाशी भांडतो, याची आठवण सहसा कोणी करून देत नाही.

नाशिकमध्ये या कल्पनेला जुना, काहीसा विसरलेला संदर्भ आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या संस्थेने १८५० च्या दशकात शहराच्या पश्चिमेला ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिचे नाव शरणपूर ठेवले. आज शरणपूर रोडच्या गर्दीत त्या नावाचा अर्थ कोणाच्या ध्यानात येत नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे ठेवली, शिकवली गेली. आईबाप, गाव आणि भाषा हे सगळे एकदमच हिरावले गेलेली ही मुले. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या सफरीत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय आफ्रिकेतच पुरले. तिथे दफनविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्याचे नाव कोरणारा वेनराइटच. पुढे शवपेटीबरोबर तो लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही हजर होता.

याच परिसराशी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांच्या घराण्याचे नाते आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवरा जिवंत असूनही गमावल्याचे दुःख त्यांनी भोगले. काही वर्षांनी त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रामध्ये मुलांच्या मृत्यूपासून प्लेगपर्यंत बरेच काही आहे, पण शोकावर प्रवचन जवळजवळ नाही. भाबडेपणा, थट्टा आणि रडणे एकाच पानावर येते. मराठी ख्रिस्ती शोकाचे इतके खरे चित्रण दुसरीकडे मिळणे अवघड. टिळकांची अभंगाच्या चालीतली पदे आजही मंडळ्यांमध्ये म्हणतात. पेटी-तबल्यावरचे संथ पद घरातल्या म्हाताऱ्यांना प्रवचनापेक्षा अधिक धीर देते, असा अनेकांचा अनुभव आहे.

इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहाम आदी पूर्वजांविषयी म्हटले आहे की अभिवचनांचे फळ हाती न येताच ते विश्वासात मेले. त्यांनी ते दुरून पाहिले. तसेच टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे महाकाव्य लिहायला घेतले आणि १९१९ साली ते अपुरे ठेवून गेले. लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय रचले. नाशिकला त्या वारल्या तेव्हाही काम संपले नव्हते. शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनी लिहिला.