मागच्या रांगेतला ट्रॉम्बोन: रिको रॉड्रिग्ज आणि स्काची जडणघडण

१९६७ साली डँडी लिव्हिंगस्टन या जमैकन गायकाने लंडनमध्ये 'रूडी, अ मेसेज टू यू' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, कव्हेन्ट्रीच्या 'द स्पेशल्स' या तरुण पोरांच्या बँडने तेच गाणं नव्याने केलं आणि ते ब्रिटनभर वाजलं. दोन्ही रेकॉर्डवर ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब नळीचं पितळी वाद्य, एकाच माणसाचा आहे, रिको रॉड्रिग्जचा. दुसऱ्या वेळी तो पंचेचाळिशीत होता आणि बँडमधली बाकीची मंडळी जेमतेम विशी-पंचविशीची. गाणी गाजली, गायक लक्षात राहिले. त्यांच्या मागे उभा असलेला हा माणूस कुठून आला, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. स्काचा, म्हणजे जमैकात जन्मलेल्या या नाचाच्या संगीताचा, खरा इतिहास त्या मागच्या रांगेतच दडलेला आहे, असं मला मनापासून वाटतं.

रिकोचा जन्म १९३४ सालचा, हवानातला, पण तो वाढला जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये. तिथे त्याला अल्फा बॉइज स्कूलमध्ये घातलं. कॅथलिक नन चालवत असलेली ही शाळा अनाथ, गरीब आणि घरच्यांना न आवरणाऱ्या मुलांसाठी होती. शिस्त कडक. छपाई, सुतारकाम, शिवणकाम असं काही ना काही प्रत्येकाला शिकावं लागे. पण शाळेचं नाव झालं ते तिच्या बँडमुळे. मुलं नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकत, तासन् तास रियाज करत आणि बाहेर पडल्यावर लष्करी बँडमध्ये किंवा हॉटेलांतल्या नाचाच्या वाद्यवृंदात कामाला लागत. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस यांच्याकडे रेकॉर्डचा मोठा संग्रह होता आणि त्या मुलांना तो मुद्दाम ऐकवत. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवत. रिकोला ट्रॉम्बोनचे धडे मिळाले ते डॉन ड्रमंडकडून, म्हणजे पुढे जमैकाचा सर्वांत मोठा ट्रॉम्बोनवादक ठरलेल्या आपल्या सीनियरकडूनच. टॉमी मॅकुक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे पुढे नावाजलेले वादकही अल्फाचेच.

शाळेबाहेर किंग्स्टनच्या रस्त्यांवर 'साउंड सिस्टिम'चं राज्य होतं. कपाटाएवढे स्पीकर ट्रकमधून आणायचे, मोकळ्या मैदानात लावायचे आणि अमेरिकेहून आलेल्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्यांवर लोकांना नाचवायचं. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे यातले बडे मालक. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचा कल रॉक अँड रोलकडे झुकला, हव्या तशा तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा या मालकांनी गावातल्याच वादकांना बोलावून गाणी करायला सुरुवात केली. त्यातून ठेका बदलत गेला आणि स्का जन्मला. एक-दोन-तीन-चार मोजताना आपण प्रत्येक आकड्यावर टाळी देतो. स्कामध्ये गिटार आणि पियानो त्या दोन टाळ्यांच्या मधल्या जागेत वाजतात. बास खालून चालत राहतो आणि वर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन.

पैशांचा व्यवहार मात्र एकतर्फी होता. वादकाला गाण्यामागे ठरावीक बिदागी मिळे आणि विषय तिथेच संपे. रॉयल्टी नाही, बहुतेक वेळा तबकडीवर नावही नाही. रेकॉर्ड परदेशात किती खपली, हे वादकाच्या कानावरही येत नसे. म्हातारपणी हे वादक बोलायला बसले की ही सल निघतेच, आणि ती रास्त आहे.

रिकोच्या वादनाला वेगळा रंग चढला तो किंग्स्टनच्या पूर्वेकडच्या वारेका टेकड्यांवर. तिथे ढोलवादक काउंट ऑसी आणि त्याचे रास्ताफारी (जमैकातल्या कृष्णवर्णीयांच्या एका धर्मपंथाचे, म्हणजेच 'रास्ता') साथीदार ढोल वाजवत. शहरातला प्रतिष्ठित समाज रास्तांना जवळ करत नसे. रिको मात्र त्यांच्यातलाच झाला. रात्र-रात्र चालणाऱ्या त्या ढोलांवर संथ, लांबवलेले सूर धरायची सवय त्याला तिथे लागली. त्याचा कुठलाही तुकडा ऐकावा, घाई म्हणून सापडत नाही.

१९६१ मध्ये त्याने इंग्लंड गाठलं. पुढच्याच वर्षी जमैका स्वतंत्र झाला आणि १९६४ मध्ये अल्फाच्या जुन्या मुलांनी इतरांसोबत 'द स्कॅटलाइट्स' हा बँड उभा केला. 'सिमर डाउन' या वेलर्सच्या, म्हणजे बॉब मार्लीच्या गटाच्या, पहिल्या मोठ्या गाण्यामागे वाजणारा बँड हाच. तो जेमतेम चौदा महिने टिकला. १९६५ च्या पहिल्याच दिवशी ड्रमंडने आपली जोडीदार, नर्तकी मार्गारिटा हिचा खून केला. १९६९ मध्ये तो मनोरुग्णालयातच वारला. रिको या सगळ्यापासून दूर होता. ज्या बँडमध्ये त्याची जागा सहज असती, तो त्याच्या पाठीमागे जन्मला आणि मोडलाही.

लंडनमध्ये वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवत राहिला. त्याचा स्वतःचा गाजलेला अल्बम, 'मॅन फ्रॉम वारेका', आयलंड रेकॉर्ड कंपनीकडून निघायला सत्तरीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. शब्द जवळपास नाहीतच, सगळं ट्रॉम्बोनवर. स्का ऐकायला सुरुवात करणाऱ्याने आधी हा ऐकावा, असा माझा आग्रह आहे.

मग आले स्पेशल्स. कव्हेन्ट्रीत कारखाने बंद पडत होते, वर्णद्वेषी टोळ्या रस्त्यावर होत्या, आणि काळ्या-गोऱ्या मुलांचा हा बँड त्यांच्या आईबापांच्या काळातलं जमैकन संगीत पंकच्या, म्हणजे तेव्हाच्या बंडखोर रॉकच्या, त्वेषाने वाजवत होता. त्यांनी रिकोला नुसतं पाहुणा म्हणून मिरवलं नाही. सोबत दौऱ्यावर नेलं, आपल्या 'टू टोन' लेबलवर त्याचे अल्बमही काढले. जुलै १९८१ मध्ये इंग्लंडच्या शहरांत दंगली पेटलेल्या असताना 'घोस्ट टाउन' पहिल्या क्रमांकावर होतं. त्या गाण्यातला ट्रॉम्बोनही रिकोचाच. पुढे काही महिन्यांतच तिघे गायक बाहेर पडले आणि हाही बँड फुटला.

त्यानंतर रिको काही वर्षं जमैकात राहिला. १९९६ पासून २०१२ पर्यंत तो ब्रिटिश पियानोवादक जूल्स हॉलंडच्या वाद्यवृंदात होता, म्हणजे पंचाहत्तरी ओलांडल्यावरही. २००७ मध्ये ब्रिटनने त्याला एमबीई हा राजसन्मान दिला, २०१२ मध्ये जमैकाने कलेसाठीचं मस्ग्रेव्ह पदक दिलं. ४ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याचं लंडनमध्ये निधन झालं.