उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

एप्रिल उजाडला की तोच सल्ला फिरू लागतो: "उन्हाने हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून चार-पाच पीएसआय कमीच भरा." (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक.) हवा तापल्यावर दाब वाढतो, एवढं खरं. पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे, आणि धोक्याचाही.

हिशोबच करू. टायरचं घनफळ फारसं बदलत नाही, त्यामुळे आतला दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्व्हिनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो. समजा सकाळी २५ अंशांना, म्हणजे २९८ केल्व्हिनला, ३२ पीएसआय हवा भरली. गेज बाहेरच्या वातावरणाचा दाब धरत नाही, तो १४.७ मिळवला की झाले ४६.७. धावून टायर ५५ अंशांवर (३२८ केल्व्हिन) गेला की ५१.४. म्हणजे गेजवर जेमतेम ३७! सेल्सिअसचा आकडा दुप्पट झाला म्हणून दाब दुप्पट होत नाही. गफलत नेमकी इथे होते. आणि ही वाढ कंपनीने आधीच गृहीत धरलेली असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला आकडा थंड टायरचाच असतो.

उलट हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, वाकून-वाकून रबर आतून तापतं, थर सुटू लागतात. समृद्धी महामार्गावर तासन् तास सुसाट जायचं असेल तर असा टायर नकोच.

हवेऐवजी नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, असंही सांगतात; पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो, आणि तापल्यावर त्याचा दाबही याच नियमाने वाढतो.

दाब मोजायचा तो गाडी निघण्यापूर्वी. वाटेत तापलेल्या टायरमधून हवा सोडलीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मऊ पडलेला दिसेल.